स्नेहाची गळती

संस्कृतांत ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक माया आणि दुसरा तेल. ३५ वर्षांच्या मास्तरकींत हा शब्द मीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल याची गणती नाहीं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत जे २४ गुण सांगितले आहेत त्यांत ‘स्नेह’ हा एक आहे. ज्याच्या योगानें कोरड्या पिठाचा गोळा होतो तो गुण, असें त्याचें स्थूल लक्षण. मुलांना हें समजावून सांगतांना मी नेहमीं घरच्या परातींतील कणकेचा दाखला देत असें. परंतु या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणीं पाहण्याचा योग मला वयाच्या ६७ व्या वर्षीं आला, आणि तोहि एका मोटारदुरुस्तीच्या छपराखालीं, जुन्या जीपगाडीच्या पोटाशीं बसून. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या शालान्त परीक्षेपर्यंतचें, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेंत मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रांचें ज्ञान तर शून्यच. तेव्हां जाणत्यांनीं माझ्या शब्दांकडे उदार दृष्टीनें पाहावें, आणि इतरांनीं ‘हा म्हातारा इंजिनाच्या गोष्टी काय सांगत बसला’ म्हणून पान उलटूं नये. गोष्ट इंजिनाची आहे खरी, पण ती चार माणसें एकत्र राहतात अशा कोणत्याहि घरची आहे.

आमचें घर राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत आहे. तिघां भावांचें एकत्र कुटुंब. चूल एक, हिशेबाची वही एक आणि कलमांची बागहि एकच. थोरले दादा बागेचें पाहत, धाकटा भाऊ पोफळी आणि गुरें सांभाळी, आणि मी शाळेंतून आलों म्हणजे वही लिहीत असें. निवृत्त झाल्यापासून तर वही हेंच माझें मुख्य काम होऊन बसलें. दादांनीं १९९८ सालीं एक जुनी, डिझेलवर चालणारी जीप विकत घेतली. आंब्याच्या पेट्या, शेणखत, माहेरवाशिणी, आजारी माणसें, गणपतीची मूर्ति, काय म्हणून तिनें वाहिलें नाहीं! दादांचा तिच्यावर फार जीव. दर रविवारीं सकाळीं चहा झाला कीं ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढून पाहत आणि धोतराच्या सोग्याला बोट पुसत; त्यावरून वहिनींची बोलणीं ठरलेलीं असत.

२०२१ च्या मे महिन्यांत, साथीच्या त्या भयंकर दिवसांत, दादा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मीं जीपची किल्ली माझ्या कपाटांत ठेवून कुलूप लावलें. कोणीं मागितली तर ‘पाहूं पुढें’ म्हणून टाळीत असें. खरें कारण एवढेंच कीं, दादांच्या जागीं दुसरें कोणी बसलेलें मला पाहवलें नसतें. यालाच मी त्या वेळीं स्नेह म्हणत होतों. जीप मांगरांत तशीच उभी राहिली आणि तिच्यावरून तीन पावसाळे गेले.

तोंवर दादांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून बागेंत उतरला होता. २०२३ च्या दिवाळीनंतर एके दिवशीं तो माझ्यापुढें येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, भाड्याच्या टेंपोनें पेट्या पाठवून आपल्या हातांत काय उरतें? किल्ली द्या, जीप चालूं करतों.” दाराआड वहिनी उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून मीं किल्ली दिली. मनापासून दिली असें मात्र म्हणवत नाहीं. पोरानें नवी बॅटरी आणली, तेल बदललें, टायर पालटले, आणि तीन दिवसांनीं मांगरांतून ओळखीचा आवाज ऐकूं आला. वहिनी माजघरांत जाऊन बसल्या. मी वही उघडून बॅटरीची रक्कम लिहिली.

पंधरा दिवस गेले नाहींत तोंच मांगराच्या जमिनीवर, इंजिन आणि गिअरबॉक्स जेथें जोडले जातात बरोबर त्याच्या खालीं, तेलाचा काळा डाग दिसूं लागला. पुतण्यानें खालीं पुठ्ठा अंथरला. सकाळीं पाहावें तों पुठ्ठ्यावर रुपयाएवढें वर्तुळ. महिन्याभरांत तें बशीएवढें झालें. त्यानें चौकशी केली आणि सांगितलें, “मागचें ऑइल सील गेलें आहे.”

हें सील म्हणजे काय तें येथें सांगितलें पाहिजे. इंजिनांत इंधन पेटतें आणि त्याच्या जोरानें दट्टे खालींवर होतात. त्या खालींवर होण्याचें गोल फिरण्यांत रूपांतर करणारा वांकडातिकडा पोलादी दांडा तो क्रँकशाफ्ट. त्याचें मागचें टोक इंजिनाच्या भिंतींतून बाहेर येतें. त्यावर फ्लायव्हीलचें जड चाक, त्याच्यामागें क्लच आणि त्याच्यामागें गिअरबॉक्स अशी रांग असते. आतां दांडा फिरता आणि भिंत स्थिर. दोहोंच्या मध्यें फट ठेवणें प्राप्तच आहे. आंत तर तेल सारखें उसळत असतें. तें त्या फटींतून बाहेर येऊं नये म्हणून दांड्याभोंवतीं एक कडें बसवितात. त्याची बाहेरची कड भिंतींत घट्ट रुतलेली असते, आणि आंतल्या बाजूस एक पातळ ओठ असतो, तो फिरत्या दांड्याला टेकून राहतो. ओठानें पकड सोडूं नये म्हणून त्याच्या पाठीशीं मनगटांतल्या गोफासारखी बारीक स्प्रिंग गुंफलेली असते. हेंच तें मागचें ऑइल सील.

मास्तराची खोड म्हणून मीं एकदां त्याचें गणित केलें. दांड्याचा व्यास ८५ मिलिमीटर धरला आणि तो मिनिटाला २,००० फेरे घेतो असें मानलें, तर त्या ओठाखालून मिनिटाला सुमारे ५३४ मीटर, म्हणजे तासाला ३२ किलोमीटर पोलाद घासून जातें. गाडी घाटांत रखडत असली तरी त्या ओठाची धांव चालूंच. इतकें सोसणारी वस्तु, आणि किंमत म्हणाल तर ४५० रुपये!

फेब्रुवारी २०२४ मध्यें पुतण्यानें तालुक्याच्या एका कारखान्यांत जीप नेऊन नवें सील बसवून आणलें. बिल पाहून मी चकित झालों. सीलचे ४५० रुपये आणि मजुरीचे ४,०००! “चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला,” असें मी सर्वांदेखत बोलून गेलों. पोर म्हणाला, “काका, तिथपर्यंत पोंचायला अर्धी गाडी उतरवावी लागते.” मला तें खरें वाटलें नाहीं. आणि एप्रिल उजाडतो तों पुठ्ठ्यावरचें वर्तुळ पुन्हां दिसूं लागलें. तें पाहून माझ्या मनांत जो संशय आला तो येथें लिहितांना आज माझी मलाच लाज वाटते. परंतु तो लिहिल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. मला वाटलें, पोरानें स्वस्तांतला माल घालून पैसे खाल्ले.

मेच्या पहिल्या आठवड्यांत ६० पेट्या घेऊन आम्ही अणुस्कुरा घाटानें कोल्हापुरास निघालों. घाटाच्या मध्यावर विपरीतच झालें. इंजिन किंचाळे, पण गाडी चढेना. पुतण्या गिअर बदली, पाय सोडी, तरी गाडी जागच्या जागीं. जळका, उग्र वास सुटला. सीलमधून गळलेलें तेल क्लचच्या प्लेटवर जाऊन बसलें होतें; त्यामुळें प्लेट पकडच घेईना. आम्हीं चाकांखालीं दगड लावले. ऊन मी म्हणत होतें, पेट्यांतून आंब्याचा वास येऊं लागला होता, आणि अखेर एका जाणाऱ्या ट्रकवाल्याला तो मागेल तें भाडें देऊन माल पुढें धाडला. बाजार निम्मा आटोपल्यावर तो पोंचला आणि मिळेल त्या भावानें गेला.

त्या ट्रकवाल्यासमोर आणि दोन हमालांसमोर मी पुतण्यास म्हणालों, “तुझ्या बापानें तेवीस वर्षें सांभाळलेली गाडी तूं सहा महिन्यांत बुडविलीस. सीलचे पैसे कोठें गेले, तेंहि एकदां सांगून टाक. वहींत लिहावें लागेल.”

तो कांहीं बोलला नाहीं. चाकाखालचा दगड सरकला होता तो त्यानें नीट लावला, एवढेंच. रात्रीं घरीं आल्यावर मीं वहींत स्वच्छ अक्षरांत लिहिलें: ‘जीपदुरुस्ती व आंब्याचें नुकसान, पुतण्याच्या हयगयीमुळें, त्याचे नांवें.’ आणि खालीं रेघ मारली.

पुढचे चार दिवस तो माझ्याशीं कामापुरतेंच बोलला. पांचव्या दिवशीं तिन्हीसांजेला वहिनी ओटीवर दिवा लावून माझ्याजवळ थांबल्या. “भावोजी,” त्या म्हणाल्या, “तो पावसाच्या आधीं पुण्यास परत जायचें म्हणतो.” एवढें बोलून त्या आंत गेल्या. त्यांनीं मला एका शब्दानें दोष दिला असता तर बरें वाटलें असतें. दादांच्या मागें त्या घरांत त्यांचें म्हणून जें कांहीं उरलें होतें तें त्या पोराच्या रूपानें, आणि तें मीं एका वाक्यानें उंबऱ्याबाहेर लोटलें होतें. तरीहि माझा अहंकार असा कीं, ‘चूक त्याची आहे, मी काय करूं?’ हेंच माझें मन मला सांगत होतें.

जीप घाटांतून ओढून ओणीकडच्या एका वृद्ध मिस्त्रींच्या छपराखालीं आणून ठेवली होती. या वेळीं दुरुस्ती माझ्या डोळ्यांदेखत व्हावी म्हणून मी स्वतः जाऊन बसलों. पुतण्याहि आला, आम्ही एकाच रिक्षांतून गेलों आणि वाटेंत एक अक्षर बोललों नाहीं.

मला वाटलें होतें, मिस्त्री येतांच पाने घेऊन खोलावयास लागतील. त्यांनीं तें केलेंच नाहीं. प्रथम खालीं ओघळलेलें तेल बोटावर घेतलें, हुंगलें, चोळून पाहिलें. “गिअरचें तेल घट्ट असतें आणि त्याला गंधकाचा वास येतो,” ते म्हणाले. “हें पातळ आणि काळें, म्हणजे इंजिनाचेंच.” मग त्यांनीं इंजिनाची पाठ डिझेलनें स्वच्छ धुतली, पुसली, आणि तिच्यावर चक्क तोंडाला लावावयाची पांढरी पावडर भुरभुरली. “पुष्कळदां वरच्या टॅपेट कव्हरचें पॅकिंग गळतें, तेल पाठीवरून ओघळून खालीं येतें, आणि दोष सीलवर जातो. पावडर खरें सांगते.” त्यांनीं इंजिन चालूं केलें. दहा मिनिटांनीं बॅटरी घेऊन पाहिलें तों वरची पावडर पांढरी शुभ्र, आणि गळती थेट खालच्या जोडांतून. म्हणजे सीलच गळत होतें. मीं पुतण्याकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं, ‘बघ, मी काय म्हणत होतों!’

परंतु मिस्त्रींचें समाधान झालें नव्हतें. चालत्या इंजिनाची तेलाची पट्टी त्यांनीं मला दाखविली; ती आपल्या नळींतून बोटभर वर आली होती. मग त्यांनीं तेल ओतण्याच्या तोंडावरचें झांकण सैल केलें. तें थडथड उडूं लागलें. “गुरुजी, इथें हात धरा.” मीं तळवा धरला. आंतून ऊन वारा असा जोरानें ढकलत होता कीं, चुलीवरच्या भरल्या तपेल्याचें झांकण मीं धरून ठेवलें आहे असा भास झाला.

मिस्त्रींनीं तें समजावून सांगितलें. दट्ट्यांच्या कड्या कितीहि चांगल्या असल्या तरी पेटलेल्या इंधनाचा थोडा धूर त्यांच्या बाजूनें निसटून खालीं तेलाच्या भांड्यांत येतोच. जुन्या इंजिनांत जरा अधिक. तो कोंडूं नये म्हणून इंजिनाला श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या गाडीची ही नळी खालीं वळून जमिनीकडे तोंड करून होती. मिस्त्री गाडीखालीं सरकले, तिच्यांत तार घातली, आणि तेलानें काळें पडलेलें मातीचें एक ढेंकूळ त्यांच्या हातावर पडलें. त्याच्यामागून चिखलासारखा साका आला. ढेंकूळ त्यांनीं माझ्यापुढें धरलें. आंत नीट घडविलेली कोठडी होती.

“कुंभारीण,” ते म्हणाले. “हिनें घर केलें तें गाडी उभी होती तेव्हां. चालत्या गाडीच्या नळींत ही कधीं येत नाहीं. किती दिवस उभी होती गाडी?”

मी गप्प राहिलों. पुतण्याहि गप्प राहिला. त्याला उत्तर ठाऊक होतें, आणि त्यानें तें दिलें नाहीं, हें मी विसरणार नाहीं.

कुंभारीण माशी अळी पकडून आणते, मातीच्या घरांत कोंडते, आणि तिच्या ध्यासानें अळीच माशी होते, असा आपल्याकडे भृंगकीटकन्याय आहे. वस्तुतः अळी ही माशीच्या पिलासाठीं ठेवलेली शिदोरी असते. ती माशी होत नाहीं, खाल्ली जाते. हा न्याय मीं वर्गांत किती वेळां रंगवून सांगितला, पण मातीचें घर फोडून एकदांहि पाहिलें नाहीं. घरांतहि मीं तसेंच केलें होतें. न्याय आधीं सांगितला. पाहिलें कांहींच नाहीं.

मिस्त्री म्हणाले, “नळी मोकळी झाली, पण आतां सील बदलावेंच लागेल. इतके दिवस आंतून दाब खाल्ला आहे त्यानें. आणि क्लचची प्लेटहि गेली.” दुसऱ्या दिवशीं काम सुरू झालें, आणि पुतण्याचें तें वाक्य मला अक्षरशः पटलें. प्रथम बॅटरीची तार सोडली. मग चाकांकडे शक्ति नेणारे प्रॉपेलर शाफ्ट काढले, गिअरचे दांडे काढले, तारा आणि क्लचची जोडणी सोडविली. इंजिन खालीं झुकूं नये म्हणून त्याला लांकडाचा ठोकळा देऊन जॅक लावला. त्यानंतर गिअरबॉक्सचे बोल्ट. आणि तिघांनीं मिळून तो सरळ मागें ओढला. “तिरका लोंबूं द्यायचा नाहीं, नाहींतर आंतला दांडा वांकतो,” असें मिस्त्री पुन्हां पुन्हां बजावीत. मग क्लचचें कव्हर. त्याचे बोल्ट एकदम न सोडतां समोरासमोरचे, थोडे थोडे करून. नंतर खडूनें खूण करून फ्लायव्हील उतरविलें. तें दोघांनीं धरलें. एवढें सारें जमिनीवर ओळीनें मांडल्यावर मग कोठें तें ४५० रुपयांचें कडें दृष्टीस पडलें.

मिस्त्रींनीं तें आंकड्यानें अलगद उपसलें. दांड्याला ओरखडा येऊं नये म्हणून फार जपून. कडेवरचा नंबर पुसून वाचला आणि म्हणाले, “माल अस्सल आहे. पोरानें चांगलेंच सील आणलें होतें. तें तरी काय करील? आंत कोंडलेला वारा वाट शोधतो, आणि जेथें ओठ मऊ तेथून तेल घेऊन बाहेर पडतो. लोक म्हणतात, सील वाईट.”

अस्सल आहे, हे शब्द त्यांनीं पुतण्याकडे पाहून उच्चारले नव्हते. ते आपल्या कामांत होते. पण पोर एकदम उठून पाणी आणावयास गेला.

नंतर त्यांनीं मला दांड्यावर नख फिरवावयास सांगितलें. जुन्या सीलचा ओठ जेथें वर्षानुवर्षें टेकला होता तेथें पुसटशी खांचण लागली. रबराच्या ओठानें पोलादाला खांचण पाडावी याचें मला फार आश्चर्य वाटलें. खांचण खोल असती तर दांड्यावर पातळ पत्र्याची बाही चढवावी लागली असती. ती उथळ होती, म्हणून नवें सील केंसभर आंत सरकवून बसवावयाचें ठरलें, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर टेकतो. नव्या सीलच्या ओठाला मिस्त्रींनीं बोटानें तेल लावलें. मीं विचारलें, “तेल अडवावयाचें तर त्यालाच तेल कशाला?” ते हंसले. “गुरुजी, कोरडा ओठ दोन दिवसांत जळून जाईल. तेलाचा पापुद्रा ओठाखालीं राहिलाच पाहिजे. तो आहे म्हणून ओठ टिकतो. अडवायचें तें ओघळणारें तेल.” हा पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कांहींतरी असतो, असें मीं मागाहून वाचलें. ओठाचें तोंड आंतल्या बाजूस, तेलाकडे, ठेवून त्यांनीं रुंद गोल कडें वर धरलें आणि चारी बाजूंनीं सारखे हलके ठोके देत सील बसविलें. एका बाजूनें ठोकलें तर तें तिरकें बसतें आणि पहिल्याच दिवशीं गळतें.

संध्याकाळीं चहा घेतांना पुतण्यानें आपण होऊन मोबाइलमधून एक माहिती वाचून दाखविली. जुन्या काळच्या पुष्कळ इंजिनांत या जागीं ग्रॅफाइट चोपडलेली दोरी दोन अर्धुकांत दाबून बसवीत. पुढें जर्मनींतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग या पेढीनें असें ओठाचें कडें बाजारांत आणलें. १८४९ सालीं निघालेली ती पेढी मूळची कातडें कमावणारी, म्हणून पहिले ओठ कातड्याचे होते. कृत्रिम रबराचे ओठ १९३० नंतरच्या दशकांत आले. वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नांवावरून जर्मन लोक त्याला आजहि सिमरिंग म्हणतात. घाटांतल्या त्या दुपारीनंतर पोर माझ्याशीं प्रथमच आपण होऊन बोलला होता. मीं तें सर्व इतक्या लक्षपूर्वक ऐकलें कीं, एवढें लक्ष मीं पुराणासहि कधीं दिलें नसेल.

तिसऱ्या दिवशीं जोडणी झाली. फ्लायव्हीलचे बोल्ट मिस्त्रींनीं मापाच्या पान्यानें, समोरासमोरच्या क्रमानें आवळले. नवी क्लच-प्लेट जुन्या गिअरच्या दांड्याचा तुकडा घालून मध्यावर धरली, म्हणजे गिअरबॉक्स परत सरळ आंत शिरतो. शेवटीं नवें तेल भरून इंजिन चालूं केलें, आणि मिस्त्रींनीं पुन्हां माझा हात झांकणाच्या जागीं नेला. आतां तेथें झोपलेल्या मुलाच्या श्वासाएवढी ऊब लागत होती. तेलाची पट्टी आपल्या जागीं शांत बसून होती.

परतीच्या वाटेवर पुतण्या गाडी चालवीत होता आणि मी शेजारीं होतों. दादांच्या जागीं त्याला पाहवणार नाहीं असें मला जें वाटे, तें या वेळीं वाटलें नाहीं. गांवची वेस आली तेव्हां मीं म्हटलें, “चूक माझी होती. किल्ली मीं कोंडून ठेवली, म्हणून नळींत माती बसली. आणि घाटांत मी जें बोललों तें कोणाहि वडील माणसानें बोलूं नये असें होतें.”

तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “नळी पाहावी हें मलाहि कुठें सुचलें, काका?” आणि थोड्या वेळानें, “बाबा नेहमीं पाहायचे. दर रविवारीं.”

घरीं येतांच मीं वही काढली. खाडाखोड करावयाची नाहीं, हा माझा जन्माचा नियम. तरी ती ओळ मीं तांबड्या शाईनें आडवी मारली आणि तिच्याखालीं लिहिलें: ‘माझे नांवें.’ वहिनी ताट मांडल्याचें सांगावयास आल्या होत्या. त्यांनीं तें वाचलें, आणि ‘पानें वाढलीं आहेत’ असें म्हणून त्या वळल्या. त्या दिवशीं आमटींत तिखट कमी होतें. माझ्या पित्तासाठीं त्या तें पूर्वी कमी घालीत असत आणि गेला आठवडाभर घालीत नव्हत्या.

आमच्या जुन्या घरांत आपण फार करून सील बदलतों. गळती दिसली कीं, जेथून ती दिसते तेथेंच दोष आहे असें मानतों. सून उलट बोलली, पोर घर सोडून निघाला, कीं तोच ओठ वाईट! आंत काय कोंडलें आहे, त्याला बाहेर पडावयास कोणती वाट ठेवली होती, आणि ती कोणीं बुजविली, हें पाहावयास कोणी खालीं वांकत नाहीं. विशेषतः ज्यानें बुजविली तो तर नाहींच. माझ्या हातून बुजलेली वाट मायेनेंच बुजली होती, द्वेषानें नव्हे. पण नळीला त्याचें काय?

पुतण्या पुण्यास गेला नाहीं. तो कायमचा राहील कीं नाहीं हें त्याचें त्यानें ठरवावयाचें आहे, आणि तसें मीं त्याला सांगितलें आहे. जीपची किल्ली आतां दारामागच्या खुंटीवर असते. हिशेबाची वही दर रविवारीं सकाळीं ओटीवर उघडी ठेवतों. ज्याला जें विचारावयाचें तें त्यानें विचारावें. पहिल्या दोन रविवारीं कोणी बोललें नाहीं. तिसऱ्या रविवारीं धाकट्या भावाच्या पत्नीनें तीन वर्षांपूर्वींच्या एका खर्चाविषयीं विचारलें. माझा चेहरा तापला, पण मीं उत्तर दिलें.

मांगरांत जीपखालीं पुठ्ठा अजून अंथरलेला आहे. बहुधा तो कोरडाच असतो. जुनी गाडी आहे. कधीं एखादा ठिपका दिसतो. तो दिसला तर मी कोणास हांक मारीत नाहीं. धोतर आवरून खालीं वांकतों आणि आधीं नळी पाहतों.